अकरावं वाक्य

नंबरसरांचं अक्षर बघायला त्या शाळेत पाहुणे यायचे, असं म्हटलं तर थोडं जास्तच होईल. पण आलेल्या पाहुण्याला ते अक्षर दाखवल्याशिवाय मोठ्या बाई चहा पाजत नसत, हे मात्र खरं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांच्या खुर्चीमागे काचेच्या चौकटीत शाळेचे नियम लावले होते. काळ्याभोर शाईतलं वळणदार अक्षर, ओळ न ओळ ताठ.

"कोणी लिहिलंय सांगा बघू?" बाई विचारायच्या. पाहुणा इकडंतिकडं बघायचा. मग बाई उजळून म्हणायच्या, "आमच्या परदेशी गणिताच्या सरांनी! चार वर्षांत आमची लिपी अशी उचलली की आमच्याच मास्तरांनी त्यांच्याकडून शिकावी."

पाहुणा तोंडात बोटं घालायचा. नंबरसर दारात असले तर मान खाली घालून हसायचे. लोकांना वाटायचं, केवढा हा विनय!

विनय कसला डोंबलाचा. माणसाला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

नंबरसरांचा बाप पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, गिरण्यांच्या. गिऱ्हाईक कागदावर जे लिहून देईल ते बाप मोठं करून पत्र्यावर उतरवायचा. भाषा कुठलीही असो, कळो न कळो, वळण बरोब्बर. पोरगं शेजारी ब्रश धुवायला बसायचं आणि बापाचा हात बघायचं. पोराला गणिताचं डोकं निघालं आणि तो मास्तर झाला, पण हात बापाचाच राहिला. पुढं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याची शाळा बंद पडली, वर्गातली बाकंसुद्धा विकली गेली, तेव्हा कुणीतरी ह्या देशातली जागा सुचवली. गणिताचा मास्तर हवा होता. दोन अधिक दोन सगळीकडं चारच, म्हणून मास्तर निघाला.

बोलणं त्याने सहा महिन्यांत उचललं. भाजीवालीशी घासाघीस, इस्त्रीवाल्याशी भांडण, वर्गात दरडावणं, एवढं आलं की माणूस जगतो. इस्त्रीवाल्याशी भांडण रोजचंच होतं, कारण सरांची खोली त्याच्या दुकानावर होती आणि खालच्या इस्त्र्यांनी सरांची फरशी बारा महिने तापलेली असायची. थंडीत बरं वाटायचं, उन्हाळ्यात सर गॅलरीत अंथरूण घालायचे. अडलं ते वाचण्यापाशी. शिकायचं राहूनच गेलं. पहिल्या वर्षी वेळ नव्हता म्हणून, आणि दुसऱ्या वर्षी लाज वाटली म्हणून. तोवर मोठ्या बाईंनी नियम लिहून घेतले होते, एका कागदावरून बघून, आणि चौकट भिंतीवर गेली होती. आता कुणाला कसं विचारायचं, की बाई, हे मी काय लिहिलंय?

नावांचंही तसंच झालं. पोरांची नावं जिभेवर बसेनात. पहिल्या आठवड्यात सरांनी नावं आपल्या लिपीत उतरवून घेऊन हजेरी घेतली आणि वर्ग पोट धरून हसला. दुसऱ्या दिवसापासून सरांनी नंबर धरले. "सतरा, फळ्याकडं बघ. बेचाळीस, खिडकी लाव. तेहतीस, उभी राहा." म्हणून ते नंबरसर. पोरांना त्याचं काही वाटत नसे. सरांनाही नसे, आणि खरी गोम तिथंच होती.

आता राहिले प्रगतिपुस्तकातले शेरे. त्या मुलखात गुणांना फारसं कोणी विचारत नसे. गुण काय, पाठांतरानेही मिळतात, असं म्हणायचे. वर्गाच्या मास्तराने पोराबद्दल स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायची, तिच्यावर शाळेचा शिक्का पडायचा, आणि घरात त्या ओळीवर पोराचं पुढं काय करायचं ते ठरायचं. हे सरांना ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि उमजणं वेगळं.

सरांच्या आधी ह्याच जागेवर दुसरे एक परदेशी सर होते. जाताना ते ह्यांच्या हातात एक जाड पुठ्ठा देऊन गेले. त्यावर चौदा वाक्यं होती, नंबर घालून.

"हे माझं सगळं ज्ञान," जुने सर म्हणाले. "पहिली तीन हुशार पोरांना. शेवटची तीन वांड पोरांना. मधली सगळी डाळीसारखी, कुठलीही वाढ. कुणाला बाधत नाही."

"मधल्यांचा अर्थ काय?"

"अर्थ?" जुने सर बॅगेवर बसून चेन ओढत होते. "अरे, मीही ती माझ्या आधीच्याकडून घेतली."

चार वर्षं सरांनी त्या पुठ्ठ्यावर काढली.

त्या वर्षी परीक्षा संपली, सुट्टी तोंडावर आली. मास्तरांच्या खोलीत एकच विषय, कोण कुठं जाणार. सरांचं मंगळवारचं विमान होतं, अकरा महिन्यांनी घरी. बायकोने छत्री सांगितली होती, दुमडून पर्समध्ये मावेल अशी. छत्रीचं दुकान पाचला बंद होणार होतं आणि सरांसमोर सेहेचाळीस प्रगतिपुस्तकं होती. पहिली अठ्ठावीस त्यांनी गुण बघून, पुठ्ठा बघून, नीट लिहिली. मग घड्याळ बघितलं. साडेतीन. कोपर भरून आलं होतं.

अकरावं वाक्य सगळ्यात आखूड होतं. दिसायलाही देखणं. मधलंच होतं, डाळीतलं. सरांनी एकोणतीसपासून सेहेचाळीसपर्यंत अठराच्या अठरा पुस्तकांत अकरावं वाक्य लिहून टाकलं. हात इतका बसला की शेवटची पाच तर पुठ्ठ्याकडं न बघता लिहिली, आणि ती सगळ्यात सुंदर उतरली. सरांनी पुस्तकं शिक्क्याला पाठवली आणि छत्री घेतली. निळी.

*

शनिवारी सकाळी घंटामामा जिना चढून आला. घंटामामा शाळेचा शिपाई. घंटा वाजवायची, कुलपं लावायची आणि शिक्का मारायचा, ही त्याची तीन कामं, आणि तिन्हीत त्याने कधी मिनिटाची चूक केली नव्हती. वय पासष्टच्या पुढं, अंगात कांजी केलेला सदरा.

"सर, दुपारी घरी जेवायला यायचं."

"अहो मामा, आज कसं? माझं सामान..."

"सामान कुठं पळून जातंय? मंगळवारी जाणार तुम्ही. मी शिक्का मारतो त्या रजेच्या वहीत तारीख बघितलीय. नाही म्हणायचं नाही. तुम्ही माझ्या घरावर उपकार केलेत."

सर बुचकळ्यात पडले. "कसला उपकार?"

"जेवताना बोलू," मामा म्हणाला आणि फरशीवर हात टेकून बघितला. "बापरे, सर! ह्यावर भाकरी भाजून निघेल."

मामाचं घर दोन खोल्यांचं, बाहेरून लोखंडी जिना, जिन्याखाली पाण्याची टाकी. मुलगा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सुनेने दार उघडलं. "या," म्हणाली, पण त्या 'या'त मामाच्या आमंत्रणातला गोडवा नव्हता. सरांना वाटलं, पाहुणा न सांगता आणला असेल, म्हणून रागावली असेल.

भात वाढला, रस्सा वाढला. मामाने सरांना भिंतीकडची जागा दिली.

"सर, तुम्हाला ठाऊक नसेल, माझी नात तुमच्या वर्गात आहे. मी कधी सांगितलं नाही. म्हटलं, शिपायाची नात म्हणून सरांच्या मनावर ओझं नको."

"अरे वा! कितवा नंबर?"

प्रश्न तोंडातून गेला आणि सुनेच्या हातातला डाव क्षणभर थांबला.

"तेहतीस," मामा म्हणाला. "मोठ्या शाळेत घालायचं म्हणून आम्ही दोन वर्षं हवेत होतो. फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता. तिचा बाप तर म्हणायचा, माझी पोरगी इंजिनीअर होणार. आणि परवा प्रगतिपुस्तकं शिक्क्याला आली. बाकीच्यांची नुसती शिक्क्याची जागा बघतो, तिचं मात्र वाचलं." मामाने घास खाली ठेवला आणि डोळे मिटून पाठ म्हणावं तसं म्हटलं, "'ह्या मुलाला अभ्यासात गती नाही. हाताला काम द्यावं.'"

सर खाली बघत होते. वाक्य ओळखीचं वाटलं नाही. वाटणार कुठून? ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, नुसतं काढलं होतं. मग 'द्यावं'पाशी मामाने बोटाने हवेत एक वळण घेतलं, शेवटच्या अक्षराची शेपटी, आणि सरांच्या हाताला ती शेपटी कळली. अठरा वेळा काढलेली.

"शिक्का मीच मारला, सर," मामा म्हणाला. "दोनदा खाली ठेवला. पण मारला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी तुमचा राग आला. मग विचार केला. बाकीचे मास्तर गोडगोड लिहितात, पोरं पुढं जाऊन आपटतात. ह्या माणसाने आपली भीडभाड न ठेवता खरं लिहिलं. परक्या देशातला माणूस, त्याला काय पडलंय कुणाला वाईट म्हणायचं? म्हणजे नक्की काही बघूनच लिहिलं असणार."

"बघून?" सून म्हणाली. "बाबा, अठ्ठ्याण्णव गुण आहेत तिला गणितात. शंभरपैकी."

"तू गप. गुण म्हणजे पाठांतर. मास्तर आत काय आहे ते बघतो. काय सर?"

इथं बोलायचं होतं. जीभ होती, भाषा होती, समोर माणसंही होती. सरांनी पाण्याचा पेला उचलला आणि हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायलं.

"भात वाढू?" सुनेने विचारलं.

"थोडा," सर म्हणाले.

तेवढ्यात लोखंडी जिना वाजला आणि पोरगी आली. अंगावर दोऱ्याचे तुकडे, बोटात शिवणाचं टोपण. शुक्रवारपासून आत्याच्या शिवणाच्या कारखान्यात काजं करायला बसवली होती तिला. सरांना बघून ती दारातच ताठ उभी राहिली, वर्गात राहायची तशी.

"बस, बस," सर घाईने म्हणाले. आणि मग, कुणास ठाऊक का, कदाचित ती खरंच मठ्ठ निघावी आणि आपली सुटका व्हावी म्हणून असेल, त्यांनी विचारलं, "ते टाकीचं गणित. चार तासांत भरणारा नळ, सहा तासांत रिकामी करणारी गळती. तू तीनच ओळींत उत्तर लिहिलं होतंस. शेजारचीचं बघितलंस का?"

"नाही सर. बारा तास धरायचे. बारा तासांत नळ तीन टाक्या भरणार, गळती दोन टाक्या सांडणार. उरली एक टाकी. म्हणजे बारा तासच." ती थांबली. "तुम्ही दोन मार्क कापले, पायऱ्या नाहीत म्हणून."

"पायऱ्या दाखवायला हव्यात," सर म्हणाले. आवाज त्यांनाच लांबून आल्यासारखा वाटला. वीस वर्षं हे गणित शिकवलं, फळाभर अपूर्णांक लिहिले, आणि हा रस्ता त्यांना एकदाही दिसला नव्हता.

"कारखान्यातपण हेच चालतं हिचं," मामा कौतुकाने की काळजीने म्हणाला. "आत्या म्हणते, कापड मी बेतायच्या आधी ही उरणारा तुकडा सांगते. म्हटलं, बरंय की. हाताच्या कामात डोकं आलं तर वाईट कुठं?"

"फॉर्मची मुदत सोमवारी बारापर्यंत आहे," सून भिंतीला म्हणाली.

निघताना मामाने सरांच्या हातात एक छोटी कापडी पिशवी दिली. तीन बटणं, तीन काजं, मधलं काज तिरपं. "बाईसाहेबांना द्या तुमच्या. पोरीच्या हातचं पहिलं काम. तुमच्यामुळंच सुरू झालं म्हणून तुमच्याच घरी जाऊ दे."

सर जिना उतरले. पिशवी खिशात घालवेना, हातात धरवेना. शेवटी ती त्यांनी काखेत धरली, ताप बघायची नळी धरावी तशी, आणि घरी आले.

*

रविवारी सकाळी घरी फोन करायचा, हा चार वर्षांचा शिरस्ता. बायको बालवाडीच्या बाई. साठ पोरांची नावं, त्यांच्या आयांची नावं, कुणाला शेंगदाणा चालत नाही ते, सगळं तिला तोंडपाठ.

"छत्री घेतलीत?"

"घेतली."

"निळीच ना? आवाज का असा येतोय? पोट बिघडलं?"

"नाही गं. इथं एक गंमत झाली." सरांनी खिडकीबाहेर बघितलं. "आमच्या शाळेत एक सर आहेत. त्यांनी म्हणे घाईघाईत एका पोरीच्या पुस्तकात भलताच शेरा लिहिला. अभ्यासात गती नाही म्हणून. पोरगी चांगली हुशार. घरच्यांनी शाळा सोडवली."

"अगं बाई! कोण हा मेला?"

"आहेत एक."

"मग आता काय करतोय तो?"

"काही नाही. सुट्टीला गावी जायचंय त्याला."

"गावी जायचंय!" बायको अशी कडाडली की सरांनी फोन कानापासून लांब धरला. "आपल्या लेकीच्या पुस्तकात कुणी असं लिहिलं असतं ना, तर मी त्याच्या दारात जाऊन बसले असते. तुम्ही काही बोलला नाहीत त्याला? तुमच्यासारख्या मोठ्या माणसाने कान धरायला नको?"

"धरायला हवा."

"मग?"

फोनमध्ये तिच्या स्वयंपाकघरातला नळ वाहत होता. मग तो बंद झाला.

"अहो," बायको हळू म्हणाली. "तो सर तुम्हीच ना?"

खालून इस्त्रीवाल्याच्या फवाऱ्याचा आवाज येत होता. सरांनी तिला सगळं सांगितलं. पुठ्ठा सांगितला, डाळ सांगितली, चौकट सांगितली. साडेतीनची वेळ सांगितली आणि छत्रीपाशी अडखळले.

"म्हणजे माझ्या छत्रीपायी?"

"तसं नाही."

"तसंच आहे. ती छत्री माझ्या घरात आणू नका." तिने कुठलंतरी भांडं आपटलं. "चार वर्षं मी इथं सगळ्यांना सांगत फिरले, आमच्या ह्यांना तिथली भाषा लिहितावाचता येते."

"मी कधी नाही म्हटलं नाही."

"तेच तर म्हणतेय मी." मग तिचा नेहमीचा, पोरांना रांगेत उभं करायचा आवाज आला. "हे बघा, आधी निस्तरा आणि मग या. कितीही दिवस लागू देत. पण असलं तोंड घेऊन मंगळवारी दारात उभे राहू नका."

*

सोमवारी नऊ वाजता सर शाळेत गेले. सुट्टीतली शाळा रिकाम्या डब्यासारखी वाजत होती. मामा पायरीवर बसून कुलपांना तेल घालत होता, सगळी कुलपं ओळीने मांडून.

"मामा, तुमच्या नातीचा शेरा चुकीचा आहे."

मामा हसला. "सर, आमची कीव करू नका. आम्ही पचवलंय."

"कीव नाही. मला तुमची लिपी वाचता येत नाही. मी काय लिहिलं ते मला ठाऊक नव्हतं. एका पुठ्ठ्यावरून वाक्यं उतरवतो मी. तुमच्या नातीचं अकरावं होतं. आखूड होतं म्हणून लिहिलं."

मामाने कुलूप खाली ठेवलं. तेलाचे हात सदऱ्याला पुसले. त्या कांजीच्या सदऱ्याला! सरांनी त्याला असं करताना कधी बघितलं नव्हतं.

"आखूड होतं म्हणून," मामा म्हणाला.

"हो."

"शनिवारी माझ्याकडं जेवलात."

"हो."

"मी म्हटलं, तुम्ही काही बघूनच लिहिलं असणार. तेव्हा तुम्ही भात मागून घेतलात."

सरांना वाटलं, ह्याने आता एक ठेवून द्यावी. पण मामा त्यांच्याकडं बघतही नव्हता. आपल्या उजव्या हाताकडं बघत होता. "तुम्हाला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. मी वाचलं आणि शिक्का मारला. पोरगी सात वर्षांची होती तेव्हापासून माझी कुलपं मोजून लावते. मला ठाऊक होतं ती कशी आहे ते. तरी तुमच्या अक्षरावर विश्वास ठेवला." तो उठला. "फॉर्म घरी आहे. आणतो."

आणि पासष्टीचा तो माणूस रस्त्याने पळत सुटला.

मोठ्या बाई खोलीत मोठ्या शाळेचे फॉर्म तपासत बसल्या होत्या. सर चौकटीसमोर उभे राहिले आणि जे मामाला सांगितलं तेच, अठराच्या आकड्यासकट, पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. बाईंनी आधी हसून बघितलं, मग समोरचा एक कागद सरांकडं फिरवला.

"वाचा."

"नाही येत, बाई."

"पहिली ओळ तरी."

सरांनी मान हलवली. बाईंनी कागद परत फिरवून घेतला, सावकाश, जणू आजारी माणसाच्या हातातून घेतायत. "त्यावर तुमचंच नाव आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या दोन वर्षांसाठी तुम्हाला ठेवावं म्हणून मी लिहिलेलं पत्र."

त्या उठल्या, चौकट खिळ्यावरून काढली आणि भिंतीकडं तोंड करून खाली ठेवली. भिंतीवर चौकटीएवढा उजळ चौकोन राहिला. "सगळ्या गावाला दाखवत बसले मी," त्या पुटपुटल्या. "माझंही बघण्यात अक्षरच होतं. सह्या मीही केल्यात त्या अठरा पुस्तकांवर."

मामा आला. मागे सून आली, फॉर्म आणि प्रगतिपुस्तक पदराखाली झाकून, जणू बाहेर पाऊस होता. तिच्यामागे पोरगी. अकरा वाजले होते.

"अठरांतलं हे पहिलं," म्हणत बाईंनी पुस्तक उघडलं, त्या सुंदर ओळीवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि पेन हातात घेतलं. सरांनी सवयीने हात पुढं केला.

"नाही," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही नाही लिहायचं. तुम्ही बोलायचं, मी लिहिणार. ह्या मुलीबद्दल तुम्हाला काय ठाऊक आहे ते सांगा."

सरांनी आठवायचा प्रयत्न केला. दोन वर्षं ती त्यांच्या वर्गात होती. तिसऱ्या बाकावर की चौथ्या? मैत्रीण कोण? डबा आणते का? काही म्हणजे काही आठवेना. सगळे त्यांच्याकडं बघत होते, पोरगीसुद्धा.

"टाकीचं गणित," सर म्हणाले. "ही मुलगी टाकीचं गणित माझ्यापेक्षा जवळच्या रस्त्याने सोडवते. मी तिचे दोन गुण कापले, कारण तो रस्ता मला ठाऊक नव्हता. तिचे गुण शंभर आहेत." त्यांनी पोरीकडं बघितलं. "मला तिच्याबद्दल एवढंच ठाऊक आहे. जास्त असायला हवं होतं."

"शेवटचंही लिहू?"

"लिहा."

बाईंनी लिहिलं. त्यांचं अक्षर गचाळ होतं, डॉक्टरसारखं. सरांनी खाली आपल्या लिपीत सही केली. मामाने शिक्का काढला, शाईवर दाबला, आणि मारण्याआधी ओळ एकदा वाचली, मग दुसऱ्यांदा वाचली. मग मारला. साडेअकराला फॉर्म गठ्ठ्यात गेला.

सरांना वाटलं, संपलं. मनात एक हलकी लाट आलीसुद्धा. मंगळवारचं विमान अजून हातात होतं. तेवढ्यात सून पहिल्यांदा त्यांच्याकडं तोंड करून बोलली.

"सर, बाईंनी अठरा म्हटलं. बाकीची सतरा?"

सर दाराकडं निघाले होते, ते परत फिरले.

"त्यांच्यातला कुणी शिपाई नाही तुम्हाला जेवायला बोलवायला," ती म्हणाली. "त्यांना कोण सांगणार?"

बाईंनी फॉर्मच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "मी मुदत आठवडाभर पुढं ढकलून मागते. त्याच्यापुढं मला जमायचं नाही. आणि आधीच्या तीन वर्षांचं काय, ते तुम्ही आल्यावर बोलू. तुम्हाला ठेवायचं का, हेही तेव्हाच."

आधीची तीन वर्षं! अकरावं तेव्हाही आखूडच होतं. सरांनी खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाले, "मंगळवारी मी जात नाही. पत्ते द्या."

"पत्ते मला ठाऊक आहेत," मामा म्हणाला. "नोटिसा मीच पोचवतो."

दारात सरांनी पोरीला थांबवलं. "तुझं नाव काय?"

तिने सांगितलं. सरांनी म्हणून बघितलं. पोरीला हसू आलं, तिने ओठ दाबले आणि पुन्हा सांगितलं, तोडून तोडून, लहान मुलाला शिकवावं तसं. चौथ्या वेळी जमलं. त्या चार अक्षरांसाठी त्यांना दोन वर्षं वेळ मिळाला नव्हता.

मामा पुढं आणि सर मागं, असे दोघं निघाले. मामा दहा पावलं पुढंच चालत होता. सरांनी पाय उचलले की तोही उचलायचा, अंतर तेवढंच ठेवायचा. सर वाटेत नावं घोकत होते. एकोणतीसचं, तिसाचं, एकतीसचं. मामाने ती एकदाच सांगितली होती, पाठ वळवून.

एकोणतिसाव्याचं घर सायकल दुरुस्तीच्या दुकानामागं होतं. दार बापाने उघडलं. हात ग्रीसने काळे, कपाळावर घाम. मामाला बघून तो गोंधळला, मग मागे सर दिसले आणि त्याचा चेहरा फुलला.

"अरे सर! या, या! आमच्या घरी साक्षात सर!" त्याने आत हाक मारली, "अगं, खुर्ची पूस आधी!" आणि भिंतीकडच्या फळीवरून कोपराने दाबत प्रगतिपुस्तक काढलं, काळा हात लागू नये म्हणून मनगटाने उघडलं. "पोराचं काही जमणार नाही म्हणून लिहिलंत, ते ठीक आहे. दुकानात बसवलाय त्याला. पण काय अक्षर आहे हो तुमचं! आल्यागेल्याला दाखवतो आम्ही."

आतल्या अंधारात एक पोरगा चाकाची तार ताणत बसला होता. त्याने मान वर केली.

मामाने तोंड फिरवलं आणि रस्त्याकडं बघत उभा राहिला. त्याची बायको खुर्ची पुसून गेली. सर बसले नाहीत.

"आधी ऐकून घ्या," ते म्हणाले.